रुक्मिणीला ओढू नका

गेल्या हिवाळ्यात आमच्या बडोद्यात एका हौशी मंडळीने ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग केला. हेतू चांगला, तिकीट माफक, ऑर्गन आणि तबला उत्तम. सभागृह निम्म्याहून अधिक भरले होते, ही गोष्ट आजच्या काळात आनंदाचीच म्हटली पाहिजे. कृष्ण-रुक्मिणीच्या रुसव्याचा प्रवेश सुरू झाला आणि रुसलेल्या राणीची समजूत घालण्यासाठी द्वारकाधीशाने तिला दंडाला धरून ओढले, कमरेला विळखा घातला. तिच्या पदराला लावलेला मायक्रोफोन त्याच्या कंठ्यावर घासून सभागृहभर खरखर झाली आणि मागच्या रांगांतून एक शिट्टी आली. पुढच्या रांगेतल्या आम्ही वृद्धांनी माना खाली घातल्या. मीही घातली. प्रयोग संपल्यावर आत जाऊन बोलावयास हवे होते, ते माझ्याकडून झाले नाही. म्हणून हा लेख.

पुढे मंडळीच्या सभेत दोन पक्ष पडले. तरुण दिग्दर्शकाच्या बाजूचे म्हणाले, आजच्या प्रेक्षकाला हीच भाषा कळते, मालिकांत याहून अधिक असते. ज्येष्ठांपैकी काहींनी सुचविले की, पुढच्या वेळी हा प्रवेशच गाळावा आणि त्यातली पदे तेवढी बसून म्हणावीत. दोन्ही बाजू तावातावाने भांडत होत्या, पण एका बाबतीत त्यांचे संपूर्ण एकमत होते, हे कोणाच्याच ध्यानी आले नाही. शृंगार म्हणजे अंगाला अंग लावणे, असे दोघेही धरून चालले होते. एकाला ते हवे, दुसऱ्याला नको, एवढाच काय तो फरक. माझे भांडण दोघांशीही आहे.

ज्येष्ठांनी सभेत भरतमुनींचा हवाला दिला. तो खोटा नव्हता. नाटक पिता, पुत्र, सून, सासू यांनी एकत्र बसून पाहावयाचे असते, म्हणून चुंबन-आलिंगनादी गोष्टी रंगमंचावर दाखवू नयेत, असे नाट्यशास्त्रात आहे. परंतु ज्या सामान्याभिनयाच्या अध्यायात हा निर्बंध येतो, त्याच अध्यायात स्त्रियांचे दहा स्वभावज अलंकारही सांगितले आहेत, आणि ते दहाही शृंगाराचे आहेत. प्रियकराचा स्पर्श सुखावतो तरी वरकरणी रागावणे, हे कुट्टमित. हवी असलेली वस्तू समोर आली असता मानाने तिच्याकडे दुर्लक्ष करणे, हा बिब्बोक. बोलण्याची वेळ आली असता लाजेने शब्द न फुटणे, हे विहृत. तो येणार या घाईत भलताच दागिना भलत्याच ठिकाणी घालणे, हा विभ्रम. हर्ष, राग, भय, हसू, रडू यांची एकाच वेळी गर्दी होणे, हे किलकिंचित. भरताने मिठी मना केली ती नटाला शृंगारापासून दूर ठेवण्यासाठी नव्हे; शृंगार दाखविण्याची साधने त्याने तिथेच हातात ठेवली आहेत. अर्धा अध्याय वाचून प्रवेश गाळायला निघालेल्यांनी उरलेला अर्धाही वाचावा.

या साऱ्या अलंकारांत समान काय आहे, ते पाहिले पाहिजे. प्रत्येकात एकाच देहात दोन विरुद्ध ओढी आहेत. मान नाही म्हणते, पाऊल जागचे हलत नाही. प्रेक्षकाला गोडी वाटते ती या दोहोंतील तफावतीची. नटाने नटीला ओढले की ही तफावत संपते. पुढे पाहण्यासारखे काही उरत नाही. त्याला मराठीत ‘लगट’ असा चोख शब्द आहे, आणि लगट हा शृंगाराचा प्रकार नव्हे.

माझ्या तरुणपणी आमच्याकडे हाच प्रवेश एक वृद्ध नट बसवीत असत. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. त्यांचा पहिला नियम असा की, कृष्ण आणि रुक्मिणी यांच्यामध्ये प्रवेशाच्या आरंभी चार हात अंतर हवे आणि शेवटीही निदान एक हात उरलेच पाहिजे. रुक्मिणीला ते पाठमोरी बसवीत आणि हातात फुलांची परडी देत. कृष्ण बोलू लागला की तिने फुले निवडण्याचा वेग वाढवायचा. त्याचे एखादे वाक्य मनाला लागले की हात क्षणभर थांबायचा. वळायचे नाही, हसायचे नाही. बांगड्यांचा आवाज थांबला की सभागृहाला कळे, बाई ऐकते आहे. मग पुन्हा फुले, पण आता संथपणे. एकदा एक मुलगी फारच कडक चेहरा करून बसली होती. काका म्हणाले, “अगं, तोंड रुसलंय ते दिसलं. पाऊल रुसलंय का? मग ते त्याच्याकडे वळव ना!” तिने डाव्या पायाचा अंगठा तेवढा कृष्णाच्या दिशेला वळवला. तालमीला बसलेले आम्ही सगळे हसलो, आणि तो प्रवेश तिथे उभा राहिला.

कृष्णालाही काका मोकळा सोडीत नसत. अनुनय करणाऱ्याने पुढे सरकायचे ते समोरून नव्हे, तिरके. जणू आपण दुसऱ्याच कामाला निघालो आहोत. थांबायचे ते एक पाऊल आधी. पदाची एकच ओळ चार वेळा घ्यायची असेल तर चारही वेळा डोळे निराळ्या ठिकाणी हवेत: एकदा तिच्या अंबाड्याकडे, एकदा फुलांकडे, एकदा प्रेक्षकांकडे तक्रारीच्या सुरात, आणि शेवटी जमिनीकडे. आज आमचे गवई-नट चारही वेळा श्रोत्यांकडे पाहून ताना घेतात आणि नटी खांबासारखी उभी राहते. गाणे सरले की अभिनयाची थकबाकी एकदम फेडण्यासाठी मग ही ओढाताण होते.

शाकुंतलाचा पहिला अंक आठवा. किर्लोस्करांनी १८८० साली तो मराठी रंगभूमीवर आणला. शकुंतलेला सख्यांबरोबर निघायचे आहे आणि दुष्यंताला पुन्हा एकदा पाहायचेही आहे. कालिदास तिच्या पायात दर्भाचे टोक रुतवतो आणि वल्कल झाडाच्या फांदीत अडकवतो. तेवढ्यात मान वळते. दोघांमध्ये स्पर्श नाही, एक शब्दही नाही. पुढच्या अंकात राजा विदूषकाला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घोळवून सांगतो. त्याच्या मनात घर केले आहे ते त्या खोट्या काट्याने.

आणि ज्यांच्या नावाने आपण अजूनही डोळे मिटतो, ते बालगंधर्व? १९११ च्या ‘मानापमाना’तील भामिनी किंवा १९१६ च्या ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी पाहणाऱ्यांना समोर पुरुष आहे, हे ठाऊक होते. दोन पुरुष नट एकमेकांना कवटाळू लागले असते, तर मायेचा तो पडदा तिथेच फाटला असता. म्हणून पदर, मान, पापणी आणि चाल यांवर सारी भिस्त ठेवावी लागली, आणि ती इतकी साधली की घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखे नेसू लागल्या, फुले माळू लागल्या. त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी पुढे नुसता मुरका उचलला आणि त्याचा लाडिक, बोबडा अतिरेक केला, हेही खरे. तो मी पाहिला आहे. जुने ते सारे सोने, असे म्हणण्याचा माझा हट्ट नाही.

शेवटच्या रांगेतल्या माणसाला बुबुळ दिसत नाही, हा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. मालिकेचा कॅमेरा पापणीजवळ जातो, रंगमंचाला ती सोय नाही. पण म्हणून मिठी हे उत्तर होत नाही. बुबुळ दिसत नसले तरी मान दिसते, खांदा दिसतो, थांबलेला हात तर सर्वांत आधी दिसतो, कारण हलणाऱ्या गोष्टी थांबल्या की नजर तिकडेच जाते. बैठकीच्या लावणीत गायिका जागची न उठता एकाच ओळीवर अदा करते. यमुनाबाई वाईकरांनी शंभरी ओलांडून २०१८ साली निरोप घेतला, तोवर ही विद्या जिवंत होती आणि आजही ती शिकता येते.

दूर तरी कशाला जावे? सयाजीराव महाराजांचा तंजावरच्या राजकन्येशी १८८० साली विवाह झाला आणि तिच्याबरोबर कांतिमती आणि गौरा या नर्तकी बडोद्यात आल्या. नायिका बसल्या जागी नुसत्या नजरेने नायकाला कशी दटावते, खोटे कसे पकडते, क्षमा कशी करते, हे शिकविणारी परंपरा आपल्या गावात सव्वाशेहून अधिक वर्षे नांदते आहे. विद्यापीठात तिचे रीतसर शिक्षण मिळते. आमच्या दिग्दर्शकाने रुक्मिणीला तिथे आठ दिवस पाठवले असते तर काय बिघडले असते? सायकलीवरून दहा मिनिटांची वाट. पण आम्ही बडोद्याच्या नाट्यपरंपरेवर परिसंवाद भरवितो आणि तिच्या दारावरून मान वळवून पुढे जातो. यालाच बिब्बोक म्हणावे काय, कोण जाणे!

आता त्या मुलीविषयी. तिच्या घराण्याची चौथी पिढी बडोद्यात आहे. शाळा गुजराती माध्यमाची, तरी आजीने घरी घोटून घेतल्यामुळे मराठी उच्चार स्वच्छ, गळा गोड. ती कमरेची मिठी तालमींत नव्हती. ‘जरा रंगत येईल’ म्हणून प्रयोगाच्या आदल्या रात्री नायकाला सांगण्यात आली. तिला कोणी विचारले नाही. हल्ली परदेशी चित्रसृष्टीत असल्या प्रसंगांची आखणी नटांच्या संमतीने करण्यासाठी स्वतंत्र जाणकार नेमतात, असे सांगितले की आमचे लोक हसतात. आमच्याकडे ते काम काकांच्या ‘एक हात अंतर’ या नियमाने फुकटात होत असे.

महिन्याभराने ती भेटली तेव्हा म्हणाली, “आजोबा, रुसायचं कसं ते मला कुणी शिकवलंच नाही. नुसतं ‘ढकल’ म्हणाले.” पुढच्या वर्षी काम करणार नाही, हे तिने मंडळीला आधीच कळवले होते. मंडळीच्या इतिवृत्तात त्याची नोंद ‘अभ्यासामुळे’ अशी झाली आहे.

मी तिला परडी आणि काचेच्या बांगड्या घेऊन घरी बोलावले आहे. ती येईल की नाही, ते ठाऊक नाही. तालमी आषाढात सुरू होतात. रुक्मिणीची जागा अद्याप रिकामी आहे.