उधारीवर चाललेलं मेक इन इंडिया

एप्रिल २०२५मध्ये दिल्लीच्या स्टार्टअप महाकुंभात केंद्रीय वाणिज्य मंत्री पीयूष गोयल यांनी तरुण उद्योजकांना सुनावलं. चीनमधले लोक चिप, रोबो, बॅटरी बनवतायत आणि आपण घरपोच जेवणात नि महागड्या आइस्क्रीममध्ये रमलोय, असा एकूण सूर. समाजमाध्यमांवर धुरळा उडाला. भोसरीत, अंबडला, शिरोलीत भाड्याच्या गाळ्यात बसून खरोखर काही बनवणाऱ्या पोरांना मात्र कुणी विचारलं नाही. ती बहुधा थकलेल्या बिलासाठी कुणाला तरी फोन लावत असावीत.

‘हार्डवेअर इज हार्ड’ ही स्टार्टअपवाल्यांची लाडकी म्हण आहे. ती निम्मीच खरी आहे. प्लॅस्टिकच्या साध्या डबीचा डाय लाखांत जातो आणि स्क्रूचं भोक दोन मिलिमीटर सरकलं की तो परत टूलरूममध्ये. ॲपमधली चूक रात्रीतून अपडेट पाठवून निस्तरता येते. शेतात लावलेल्या दोनशे सेन्सरमध्ये पाणी शिरलं तर दोनशे बांध तुडवावे लागतात. २०२१च्या चिपटंचाईत साधे मायक्रोकंट्रोलर कित्येक पट भावाने घ्यावे लागले. हा सगळा त्रास मान्य. तो वस्तूच्या स्वभावातच आहे आणि त्याच्याशी झुंजण्यात मजाही आहे.

उरलेला निम्मा त्रास माणसांनी तयार केलाय. त्याचं नाव उधारी.

हिशोब बघा. समजा, तुम्ही एका मोठ्या कारखान्याला शंभर यंत्रं दिली. बिल आठ लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ४४ हजार. सुट्या भागांवर भरलेला कर वजा करून उरलेला कर तुम्हाला पुढच्याच महिन्यात सरकारला द्यायचाय, गिऱ्हाइकाने दमडी दिली नसली तरी. गिऱ्हाईक मात्र त्याच १ लाख ४४ हजारांचं क्रेडिट घेऊन मोकळं. पैसे द्यायला त्याला १८० दिवस. त्यानंतरच ते क्रेडिट परत करायची वेळ येते. डायवाल्याने निम्मे पैसे आगाऊ घेतलेले असतात, चीनचा पुरवठादार पैसे मिळाल्याशिवाय माल हलवत नाही. दोन्हीकडून रोख मागितली जाते आणि मधला, सगळ्यात लहान माणूस सगळ्यात मोठ्या माणसाला बिनव्याजी कर्ज देतो. याला आपण ‘वर्किंग कॅपिटलचा प्रश्न’ म्हणतो. आजारापेक्षा नाव फार सभ्य आहे.

कायदा नाही असं नाही. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ‘मालात दोष होता’ हे कारणही चार महिन्यांनी चालत नाही. लेखी हरकत पंधरा दिवसांत घ्यावी लागते. पुढे प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरला जाणार नाही.

मग तक्रार का करत नाहीत? कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, तोच एकुलता एक मोठा गिऱ्हाईक असतो. व्याज मागणाऱ्याला दुसरी ऑर्डर मिळत नाही. पीडितानेच फिर्याद करायची आणि मग उपाशी राहायचं, अशी ही व्यवस्था आहे. शिवाय ‘आधी पायलट करू’ म्हणत फुकटात मागवलेले नमुने वेगळेच. ते बिलात येतच नाहीत, मग त्यांना मुदत कसली?

सरकारी प्रोत्साहनाचंही तेच. मोबाइल निर्मितीच्या पीएलआय योजनेत भारतीय कंपन्यांसाठीची अटच मुळी चार वर्षांत २०० कोटींच्या गुंतवणुकीची होती. गाळ्यातल्या पोरांनी ही बातमी वाचायची आणि टाळ्या वाजवायच्या.

आपल्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आवडते. लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, तरी ते चिकाटीने टिकले. खरं आहे. पण औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना माळावर जागा दिली, पैशाचा आधार दिला, तेव्हा १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, हा भाग आपण पटकन उरकतो. त्या चिकाटीमागे वाट बघायला तयार असलेला पैसा होता. आज असा पैसा बहुतेकदा घरातूनच येतो. म्हणजे ज्याच्या बापाकडे विकायला प्लॉट आहे तो वस्तू बनवणार. बाकीची हुशार पोरं नोकरी धरणार. आपण याला ‘नव्या पिढीत धमक नाही’ म्हणणार.

हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण उद्या एखाद्या मोठ्या कंपनीच्या परचेस किंवा अकाउंट्समध्ये बसतील. ‘व्हेंडरचं बिल पुढच्या महिन्यात ढकल’ असं वरून सांगितलं जाईल. तेव्हा निदान एकदा विचारा, ‘सर, पंचेचाळीस दिवस झालेत, व्याज लावू का?’ देशभक्तीवरच्या भाषणांपेक्षा त्या एका प्रश्नाने भोसरीतला एखादा गाळा जास्त दिवस उघडा राहील.