गाणे गाजले, बोलण्याचे काय?

सटाण्यात आता लग्नाच्या वरातीत अहिराणी गाणी वाजतात. ‘हाई झुमका वाली पोर’सारखे गाणे तर यूट्यूबमुळे खानदेशाबाहेर, अहिराणी न कळणाऱ्यांपर्यंतही पोचले. बोलीच्या अभ्यासकांनी याचा आनंद मानावा, हे योग्यच. परंतु गाणे गाजले म्हणजे बोलीला प्रतिष्ठा मिळाली, हा निष्कर्ष आम्हाला घाईचा वाटतो.

या संदर्भात अवधूत गुप्ते यांची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. २००२ मध्ये त्यांच्या संगीतात वैशाली सामंत यांनी गायिलेले ‘ऐका दाजीबा’ आले. लोकसंगीताचा ठेका पॉपच्या साजात नेणारे हे गाणे महाराष्ट्राबाहेरही वाजले. पुढे गुप्ते केवळ संगीतात राहिले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी राजकीय कार्यकर्त्यांच्या फरफटीवरचा ‘झेंडा’ दिग्दर्शित केला. झी मराठीवरील ‘खुपते तिथे गुप्ते’मध्ये ते मुलाखतकार झाले. २०२३ मध्ये हा कार्यक्रम पुन्हा आला, तेव्हा राज ठाकरे, एकनाथ शिंदे अशी मंडळी त्यांच्यासमोर बसली. प्रश्न किती टोकदार होते, यावर वाद होईल. तथापि ठेक्यासाठी ओळखला गेलेला संगीतकार सत्तेला आपल्याच भाषेत प्रश्न विचारू शकला, हे महत्त्वाचे. त्यात त्यांच्या गुणांइतकाच मराठी वाहिनी असण्याचाही वाटा आहे.

आयर्लंडमध्ये २०२२ च्या जनगणनेनुसार शिक्षणाबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे ७२ हजार. तरीही १९९६ पासून त्या भाषेला सार्वजनिक निधीवरील वाहिनी आहे. आज ती ‘टीजी फोर’ म्हणून ओळखली जाते. त्यामुळे आयरिशमध्ये गाणाऱ्याला सूत्रसंचालनही आयरिशमध्येच करता येते. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खानदेशी नोंदवणारे सुमारे १८ लाख ६० हजार होते. त्यांना अशी वाहिनी नाही.

अहिराणी ही मराठीचीच बोली, म्हणून मराठी वाहिन्या तिच्याही, असे कोणी म्हणेल. पण अहिराणी गायक मुलाखतीला बसला, की तो प्रमाण मराठीकडे वळतो. गाण्याला अहिराणी आणि विचाराला मराठी, ही वाटणी बोलीला करमणुकीत कोंडते. आपल्या परंपरेला ती मान्य नव्हती. कीर्तनकार गातो आणि निरूपणही करतो. तमाशात गाण्याइतकीच बतावणीही रंगते.

वाहिनी मिळेल तेव्हा मिळो. ज्या गायकांकडे यूट्यूबवर लाखो श्रोते आहेत, त्यांनी तिथेच कांद्याच्या भावाविषयी, गिरणेच्या पाण्याविषयी अहिराणीतून बोलावे. पुढाऱ्यांना अहिराणीतून प्रश्न विचारावेत. आणि आमच्या मराठी विभागांनीही परिसंवादात अहिराणीविषयी बोलण्याऐवजी एखादे सत्र अहिराणीतूनच चालवावे. ज्या भाषेत प्रश्न विचारता येतो, तिलाच समाज गंभीरपणे घेतो, असे आमचे मत आहे.