रोग्याच्या हातांतील काम काढूं नका

दीर्घकाळ टिकणारें दुखणें घरांत आलें, म्हणजे आपणांस बहुधा एकच उपाय सुचतो: रोग्यास खाटेवर बसवावें व त्याचें सर्व काम आपण करावें. ह्यास आपण सेवा म्हणतों. परंतु ही सेवा अर्धीच होय, असें मी अनुभवानें शिकलों.

माझ्या मातुःश्रींस संधिवात जडला, तेव्हां मीं त्यांच्या हातांतून कळशी घेतली, विळी घेतली, शेवटीं भाजी निवडण्याचें ताटहि घेतलें. थोड्याच दिवसांत त्या अबोल झाल्या. एके दिवशीं म्हणाल्या, "बाळ, तूं मला माझ्याच घरांत पाहुणी केलेंस." पुढें आठवड्यांतून एकदां येणाऱ्या परिचारिकेच्या सांगण्यावरून आम्हीं न्हाणीघराच्या भिंतीस दांडी बसविली, बसावयास उंच चौरंग ठेवला आणि तें ताट पुन्हा त्यांच्या मांडीवर दिलें. दुखणें गेलें नाहीं. परंतु आई परत आली.

रोग्याच्या घरीं जाऊन मदत करण्याची ही कल्पना नवी नव्हे. 1859 सालीं लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनीं, आपल्या पत्नीची अखेरच्या दुखण्यांत शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेस, गरिबांच्या घरोघरीं जाऊन तेंच काम करण्यास नेमिलें. आपल्या देशांत केरळनें ह्या बाबतींत धडा घालून दिला आहे. 1993 सालीं कोझिकोडे येथील वैद्यकीय महाविद्यालयांत वेदनाशमनाचें जें कार्य सुरू झालें, तें पुढें गांवोगांव पसरलें. 2008 सालीं तेथील सरकारनें त्यासाठीं धोरणच जाहीर केलें. आज तेथें पंचायतींच्या साहाय्यानें परिचारिका अंथरुणास खिळलेल्यांच्या घरीं जातात, आणि शेजारपाजारचे स्वयंसेवक त्यांस हातभार लावितात.

कोणी म्हणेल, "घरांत सून आहे, लेक आहे, मग परक्याची मदत कशास?" परंतु वर्षानुवर्षें चालणाऱ्या दुखण्याचा भार एकट्या सुनेच्या खांद्यावर टाकणें हा कोणता न्याय? तीहि थकते, तीहि आजारी पडते. जखम कशी बांधावी, रोग्यास कुशीवर कसें वळवावें, हें तिला कोणी शिकविलेलें नसतें. कांहीं प्रसंगीं रुग्णालयावांचून गत्यंतर नसतें, हें खरें. पण मधल्या दीर्घ काळांत रोग्यास रुग्णालय नको असतें, आपलें घर हवें असतें. म्हणून परिचारिकेची घरभेट ही श्रीमंतांची चैन न राहतां, नळाच्या पाण्याप्रमाणें गांवाची सार्वजनिक सोय झाली पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या आळींतहि असा कोणी रोगी असेल. त्याचें काम हिसकावून घेऊं नका. "तुम्हांस कोठें अडतें?" एवढें आधीं विचारा, जेथें अडतें, तेथेंच हात द्या, आणि बाकीचें काम त्याचें त्यास करूं द्या.