दोघांसाठी एक खोली, समुद्राकाठी

हे सदर आम्ही दोघे नवरा-बायको मिळून लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. या वेळचा विषय थोडा लाजरा आहे. पण घरोघरचा आहे.

गेल्या वर्षी आमच्या भाच्याचा निकाह झाला. वलीमा झाला, पाहुणे पांगले आणि तीन महिन्यांनी दुल्हन रुसून माहेरी गेली. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बेगम पेठेतल्या घरात बसली, दोनदा चहा झाला, तरी भांडणाचे कारण सापडेना. मारहाण नाही, व्यसन नाही, देण्याघेण्याचा तंटा नाही. शेवटी आमच्यापैकी जी मुलाची खाला लागते, तिने मुलीला आतल्या खोलीत नेऊन विचारले. मुलगी म्हणाली, "खाला, तीन महिन्यांत आम्ही दोघं एकदाही मोकळेपणी बोललो नाही. रात्री बोलायला जावं तर मध्ये नुसता पडदा. पडद्यापलीकडे सासरे खोकतात."

दोन खोल्या, माणसे सात. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. सोलापुरातल्या निम्म्या मोहल्ल्यांचे हेच चित्र आहे. आमचाही संसार असाच सुरू झाला. आम्ही दोघे पहिल्यांदा कुठे बाहेर राहिलो ते लग्नाला बावीस वर्षे झाल्यावर, आणि तेही एका नात्यातल्या लग्नाला रत्नागिरीला गेलो असताना परतीची गाडी चुकली म्हणून! त्या रात्री भाट्याच्या किनाऱ्यावर बसून आम्ही जे बोललो, ते बावीस वर्षांपूर्वी बोलायला हवे होते, असे दोघांनाही वाटले. म्हणून त्या मुलीचे म्हणणे आम्हाला पोरकटपणाचे वाटले नाही.

तिने मोबाईल उघडून एक खोली दाखवली. मोरोक्कोत अटलांटिक समुद्राच्या काठावर अस्सुवैरा नावाचे गाव आहे. जुने नाव मोगादोर. अठराव्या शतकात, १७६० नंतरच्या दशकात सुलतान मुहम्मद बिन अब्दुल्लाह यांनी ते आखून-रेखून, तटबंदी घालून वसवले. २००१ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पांढऱ्या भिंती, निळी दारे, तटावर समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या तोफा. तिथल्या जुन्या व्यापाऱ्यांची घरे आता जोडप्यांना राहायला देतात. त्या घराला 'रियाध' म्हणतात. शब्दाचा अर्थ बागा. आपल्याकडचे कितीतरी लोक सौदीत नोकरीला जातात त्या रियाध शहराचे नावही हेच. रस्त्याच्या बाजूला नुसती भिंत, आत चौक, चौकात कारंजे किंवा एखादे झाड, आणि सगळ्या खोल्यांची तोंडे चौकाकडे. बाहेरच्याला आतले दिसत नाही, आतल्याला आभाळ दिसते. आपल्या जुन्या वाड्यांची रचना याहून फार वेगळी नव्हती. तेच वाडे वाटण्या होऊन एकेका खोलीचे झाले, ही गोष्ट वेगळी.

मुलगी म्हणाली, "एवढं नको खाला. पण असं दार हवं, आतून कडी लागणारं. दोन दिवस."

मोरोक्को परवडणारे नव्हते. मुरूड परवडणारे होते.

मुरूड-जंजिरा आम्हाला सुचले ते काही उगाच नाही. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरून आला. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हा जलदुर्ग शतकानुशतके राखला आणि त्यांचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. पाण्यात तट, तटावर तोफा, किनाऱ्यावर मासेमारांच्या होड्या. अस्सुवैराचे चित्र पाहून जंजिरा आठवावा इतके साम्य आहे. गावात कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती, त्यामुळे अजान कानावर पडते आणि जेवणाची फिकीर राहत नाही. नवी मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार असेल तर या दोन गोष्टींनी तिचा अर्धा संकोच जातो.

पण आधी मुलाच्या अम्मींची समजूत काढायची होती. त्यांचे म्हणणे सरळ होते. "घर असताना बाहेर झोपायला कशाला जायचं? लोक काय म्हणतील?" आम्ही त्यांना एवढेच आठवण करून दिले की, प्रवासात असताना काफिल्याला पुढे जायला सांगून रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या, पुढे काही काळाने हुजूर जिंकले. ही रिवायत आपण वाजमध्ये हसत हसत ऐकतो. त्यात काफिल्याला पुढे पाठवले होते, हे मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही. अम्मी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चटणी-भाकरी बांधून देते."

खोली शोधण्याचे काम आमच्याकडे आले. पहिला घोळ इथेच झाला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुरूड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातले, जंजिऱ्याजवळचे. दुसरे रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळचे, महर्षी कर्व्यांचे. भाच्याने फोनवर जी खोली ठरवली ती दुसऱ्या मुरूडची निघाली. आगाऊ पैसे पाठवायच्या आत आम्ही विचारले म्हणून बरे. तेही गाव सुंदर आहे, जवळच्या हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पाहण्यासारखा असतो. पण उतरायचे एकीकडे आणि खोली दुसरीकडे, असे व्हायला नको.

एका ठिकाणी फोनवर खोली रिकामी होती, नाव सांगितल्यावर भरली. अशा वेळी वाद घालू नये, दुसरा नंबर फिरवावा. त्याच दिवशी नारळाच्या वाडीतल्या एका काकूंनी सांगितले, "कोंबडी तुमच्याकडच्या खाटकाकडून तुम्ही आणा, रांधून मी देईन." दोन्ही माणसे एकाच रस्त्यावरची. शेवटी खोली मिळाली ती एका कोकणी मुस्लिम आजींच्या घरी, वाडीच्या मागच्या अंगाला.

कोकणात जागोजागी 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या दिसतात. न्याहारी व निवास योजनेत नोंदलेली घरेही असतात. नव्या जोडप्यासाठी ही घरे मोठ्या हॉटेलांपेक्षा बरी, असे आमचे मत आहे. स्वस्त म्हणून आणि घरात बायामाणसे असतात म्हणूनही. मात्र फोनवर काही गोष्टी स्पष्ट विचारायला लाजू नये. न्हाणीघर खोलीला लागून आहे का, हे सर्वांत आधी. पुष्कळ घरांत ते अंगणाच्या पलीकडे असते, आणि भल्या पहाटे गुस्लसाठी यजमानांच्या पडवीतून बादली घेऊन जाणे नव्या मुलीला नको नको होते. फजरच्या आधी गरम पाणी मिळेल का, हेही विचारावे. भिंत विटांची आहे की प्लायवूडची? पडद्यापलीकडचा खोकला चुकवायला साडेतीनशे-चारशे किलोमीटर जायचे आणि तिथे प्लायवूडपलीकडचा ऐकायचा, याला काय अर्थ? आणि दाराला आतून कडी आहे ना, एवढे पाहावे. समुद्र खिडकीतून दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडला तर भाडे बरेच उतरते. समुद्र बाहेर असतोच.

दिवस कोणते निवडावेत, याबद्दल आमचे मत ठाम आहे. शनिवार-रविवार नको. त्या दिवशी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी अलिबागपासून काशीदपर्यंतचा रस्ता भरून जातो, भाडी चढतात आणि रात्री काही टोळक्यांचा धिंगाणा चालतो. सोमवार ते गुरुवार जावे. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कोकण हिरवेगार असते खरे, पण जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात.

कागदपत्रांचे मात्र नीट ऐका. लॉज असो की घर, दोघांचेही ओळखपत्र लागते. आपल्या मुलींच्या आधारवर बहुधा वडिलांचे नाव आणि माहेरचा पत्ता असतो. नवऱ्याचे नाव लावण्याची आपल्यात सक्ती नाही, पण काउंटरवरच्या माणसाला ते कसे कळणार? तो दोन वेगळी नावे, दोन वेगळे पत्ते पाहतो आणि नजर बदलतो. निकाहनामा जवळ असला तरी तो उर्दूत. म्हणून महानगरपालिकेतून विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवावा. १९९८ च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात निकाहाचीही नोंदणी करायची असते, आणि तो दाखला पुढे पासपोर्टपासून अनेक कामांना उपयोगी पडतो. मोरोक्कोतही स्थानिक जोडप्यांकडे लग्नाचा दाखला मागण्याची रीत फार वर्षे होती, तेव्हा आपल्यालाच वेगळे वागवतात असे समजायचे कारण नाही.

भाच्याकडे दाखला नव्हता, निकाहनामाच होता. आजींनी चष्मा लावला आणि तो ओळ न् ओळ वाचला. त्यांना उर्दू उत्तम येत होते. मेहरच्या रकमेपाशी थांबल्या, आकडा मोठ्याने वाचला आणि भाच्याकडे पाहून विचारले, "अदा केलीस?" भाचा गप्प. मुलगी पदर तोंडाला लावून हसत होती. हे तिनेच आम्हाला नंतर सांगितले. आजी एवढेच म्हणाल्या, "खोलीचं भाडं आधी घेते मी. तसंच ते पण आधी द्यायचं असतं." मुरूडहून परतल्यावर पहिल्या पगारातून त्याने निम्मी रक्कम दिली आणि उरलेली दर महिन्याला देतो आहे.

ते गेले सिद्धेश्वर एक्सप्रेसने. रात्री सोलापुरात बसले, सकाळी मुंबईत. तिथून गेटवे ऑफ इंडियाला जाऊन मांडव्याची बोट धरली. मांडव्याहून अलिबागपर्यंत बसची सोय बोटीच्या तिकिटातच होते, आणि अलिबागहून रेवदंडा, काशीद करत एसटी मुरूडला नेते. पुण्याहून ताम्हिणी घाटाने गाडी करून जाता येते, पण ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याने बोटीनेच जावे. मुलीने समुद्र आधी कधीच पाहिला नव्हता. बोटीच्या मागे पांढरे पक्षी उडत येत होते आणि ती चटणी-भाकरीतली भाकरी त्यांना टाकत होती, हे ऐकून अम्मी जरा नाराज झाल्या.

दोन रात्री, तीन दिवस. राजापुरीहून शिडाच्या होडीने ते जंजिऱ्याला गेले. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तट सलग वाटतो. होडी वळते आणि एकदम दार समोर येते. आत खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव आहेत, आणि 'कलाल बांगडी' ही प्रचंड तोफ. होडीवाले किल्ल्यात थोडाच वेळ देतात, म्हणून सगळे पाहण्याचा हव्यास सोडून तटावर एक जागा धरून बसावे. संध्याकाळी मुरूडच्या किनाऱ्यावरून समोर पाण्यात पद्मदुर्ग दिसतो, शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह द्यायला बांधलेला. दोन वैऱ्यांचे दोन किल्ले, आणि आता त्यांच्याकडे बघत जोडपी भेळ खातात.

भाच्याने एक गोष्ट आवर्जून सांगितली. आपला किबला पश्चिमेकडे आणि कोकणात समुद्रही पश्चिमेला. दोघांनी वाळूवर सोलापुरी चादर अंथरली आणि मगरिबची नमाज समुद्राकडे तोंड करून पढली. प्रवासात जोहर, असर आणि इशाचे फर्ज चाराऐवजी दोनच, मगरिब मात्र पूर्ण तीन. त्याला हे माहीत नव्हते, तिने सांगितले. अस्सुवैरात समुद्र पश्चिमेला आणि किबला पूर्वेला, म्हणजे तिथे समुद्राकडे पाठ करून उभे राहावे लागते. एवढ्या बाबतीत तरी आपले मुरूड सरस!

दोघे काय बोलले ते आम्ही विचारले नाही. खर्च मात्र विचारला. आजींच्या घरची तांदळाची भाकरी, बांगडा आणि सोलकढी धरूनही तो वलीम्यातल्या नुसत्या मिठायांच्या बिलापेक्षा कमी भरला. लग्नात एक पदार्थ कमी करून हे पैसे मुलामुलीच्या हातावर ठेवावेत, असे आम्ही आता प्रत्येक लग्नघरी सांगतो. अजून फारसे कुणी ऐकलेले नाही.

ते परत आले तेव्हा घरात सुताराचे काम चालू होते. सासऱ्यांनी, म्हणजे भाच्याच्या अब्बूंनी, कुणाला न विचारता पडद्याची तार काढून टाकली होती आणि तिथे चौकट बसवून घेत होते. दार जुन्या बाजारातले, रंग उडालेले. कडी मात्र नवी होती, आतल्या बाजूला.