काट्याचा कॉम्प्युटर वगळा

सभासद बंधूंनो, गळीत संपले की गट ऑफिसांतले कॉम्प्युटर बसूनच असतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे 'बॉइंक' सॉफ्टवेअर अशा रिकाम्या यंत्रांकडून शास्त्रज्ञांची आकडेमोड करून घेते. मुख्य ऑफिसातून सगळ्यांवर हुकूम चालतो. त्यासाठी प्रत्येक यंत्रावर हुकूम देणाऱ्या यंत्राचा पत्ता नोंदवायचा, पासवर्ड घालायचा आणि ३१४१६ नंबरचे पोर्ट आतल्या नेटवर्कपुरतेच मोकळे ठेवायचे. बाहेरच्याला ते मोकळे सोडणे म्हणजे उसात जनावरे सोडून घरी येणे!

इथवर माझी हरकत नाही. पण काट्याचा कॉम्प्युटर यात नको. बॉइंकचा वजनाशी संबंध नाही, हे खरे. तरी त्या यंत्राला दुसरीकडून हुकूम जातो एवढे कानावर आले, की पावती हातात घेणारा सभासद दुसऱ्या काट्यावर गाडी नेणार, आणि त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. बाकीच्या यंत्रांचे वीजबिल मांडून बघू.