परमुलखातला विद्यार्थी

‘देश तसा वेश’ ही मराठीतली म्हण तुम्ही ऐकली असेल. ज्या देशात राहायचे, तिथल्या लोकांसारखे वागायचे, असा तिचा अर्थ. शिकण्यासाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींना घरातली मोठी माणसे हीच म्हण ऐकवतात. मला मात्र ही म्हण अर्धीच पटते. का, ते सांगतो.

१८८८ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईहून एक तरुण बोटीने इंग्लंडला निघाला. त्याला बॅरिस्टर व्हायचे होते. त्याचे नाव मोहनदास गांधी. बोटीवर त्याने विचार केला, की किनाऱ्यावर उतरताना पांढरे कपडे चांगले दिसतील. म्हणून त्याने पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे घातले. उतरून पाहतो तर काय, साऱ्या बंदरात पांढरे कपडे घातलेला तो एकटाच! बाकीचे सामान लगेच मिळणार नव्हते, त्यामुळे बदलायलाही काही नव्हते. बिचारा शरमेने अर्धा झाला.

त्याच संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता त्याला भेटायला हॉटेलात आले. त्यांची उंच रेशमी टोपी शेजारी ठेवलेली होती. ती किती मऊ आहे हे पाहावे म्हणून मोहनदासने तिच्यावरून उलटा हात फिरवला. टोपीची लव विस्कटली. डॉक्टर जरा रागावले आणि मग त्यांनी त्याला तिथल्या रीतीचा पहिला धडा दिला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. पहिल्या भेटीत आपल्याकडच्यासारखे प्रश्न विचारू नयेत. मोठ्याने बोलू नये. बोलताना ज्याला त्याला ‘सर’ म्हणू नये, कारण तिथे नोकरच मालकाला तसे म्हणतात.

आता विचार करा, यात मोहनदासचा गुन्हा काय होता? आपल्याकडे पहिल्याच भेटीत ‘गाव कोणते, घरी कोण कोण, वडील काय करतात’ असे विचारणे म्हणजे आपुलकी. तिथे तोच प्रश्न आगाऊपणा ठरतो. जपानमध्ये शेवया सुर्र आवाज करीत खाल्ल्या तर कोणी वाईट मानत नाही. इंग्लंडमध्ये तसे सूप प्यायले तर शेजारचा मान वळवून पाहील. रीत म्हणजे शहाणपण नव्हे आणि ती न कळणे म्हणजे मूर्खपणाही नव्हे. म्हणून दुसऱ्याला त्रास होऊ नये यासाठी असलेल्या रीती नव्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यातच शिकून घ्याव्यात. विचारायला लाजू नये. इथवर ती म्हण मला मान्य आहे.

पण मोहनदास पुढे गेला. त्याला वाटले, आपण पुरते इंग्रज साहेब व्हावे. त्याने उंच टोपी घेतली, दहा पौंडांचा संध्याकाळचा पोशाख शिवला. आरशासमोर रोज दहा मिनिटे टाय आणि भांग नीट करण्यात जाऊ लागली. नाचाच्या वर्गाला पैसे भरले, पण पियानोच्या तालावर पावलेच पडेनात. तेव्हा कान तयार व्हावा म्हणून व्हायोलिन विकत घेतले! साधारण तीन महिन्यांनी त्याला कळले, की आपण इथे शिकायला आलो आहोत. व्हायोलिन विकले गेले. आत्मचरित्रात गांधीजींनी हे सारे स्वतःच हसत हसत सांगितले आहे. तुमच्या-माझ्यात इतके धैर्य कुठे!

त्यांच्याआधी पाच वर्षे, १८८३ साली, आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या. वय अवघे अठरा. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथली थंडी तर हाडे गोठवणारी. त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. म्हणजे वेश बदलला, पण थंडीपुरताच. साडी सोडली नाही आणि शाकाहारही सोडला नाही. कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना मायेने ठेवून घेतले होते, म्हणून सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. पुढे फिलाडेल्फियात खोलीतली शेगडी धुरायची; एक तर धूर सोसा, नाही तर थंडी. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, पण तब्येत खालावली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. त्यांनी थोडा हट्ट सोडायला हवा होता, असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. माणसाने जे मनापासून जपायचे ठरवले आहे, ते सोड असे सांगण्यापेक्षा खोलीतली शेगडी दुरुस्त करून देणे सोपे असते.

आणि म्हणीत नेमके हेच येत नाही. ती फक्त पाहुण्याला बदलायला सांगते, यजमानाला काहीच सांगत नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी टोकियोला किंवा बर्लिनला शिकायला गेला, तर ताटातला पदार्थ हलाल आहे की नाही हे त्याला रोज विचारावे लागेल. त्या वेळी उत्तर देणारा हसतमुख भेटावा असे तुम्हांला वाटेल ना? मग आपल्याकडे आलेल्यांचे काय? पुण्यात आफ्रिकेतून, अरब देशांतून, अफगाणिस्तानातून आलेले विद्यार्थी शिकतात. ‘हो’ म्हणताना आपण मान डावीउजवीकडे डोलावतो, ते पाहून त्यांना वाटते, हा नाही म्हणतो आहे. ते गोंधळतात आणि आपण हसतो. डॉक्टर मेहता रागावले खरे, पण त्यांनी नंतर समजावून तरी सांगितले.

मोहनदासने आईला वचन दिले होते, की मांस आणि मद्य यांना शिवणार नाही. लंडनमध्ये ज्या घरी तो राहिला तिथे त्याच्या पोटी पडायचे ते पाव आणि उकडलेली भाजी. आणखी मागायची त्याला लाज वाटे. घरमालकीण विधवा होती, तिला दोन मुली होत्या. त्या मुली आग्रह करून त्याच्या ताटात पावाचे एकदोन काप जास्त वाढत. त्याला भूक मात्र अख्ख्या पावाची होती. त्याने ते सांगितले नाही आणि मुलींनीही विचारले नाही. मग हा मुलगा रोज दहाबारा मैल चालत, पोटभर जेवण कुठे मिळते ते शोधत लंडनभर हिंडे. एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी खाणावळ सापडली. इंग्लंडला आल्यापासून त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला.