रिमोट बिघडला की हिशेब चुकला?

दूरचित्रवाणी संच बसल्या जागेवरून चालवण्याच्या साधनाला आपण सगळेच ‘रिमोट’ म्हणतो. त्यात पेन्सिल सेल घालण्याऐवजी पाठीवर सौरपट्टी बसवलेले रिमोट २०२१ पासून काही संचांबरोबर मिळू लागले. सेल विकत आणायला नकोत, संपलेले फेकायला नकोत, घरातल्या उजेडावर काम भागते. कल्पना चांगली आहे. परंतु अशा रिमोटविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते, ‘आमचा रिमोट चार्जच होत नाही!’ मग कोणी तो तळहातावर आपटून पाहतो, कोणी भर दुपारी गच्चीत नेऊन ठेवतो, आणि अखेर ‘मालच खराब’ असा निकाल देऊन नवा मागवला जातो.

या निकालाला माझी हरकत आहे. रिमोट खरोखरच बिघडलेला असू शकेल, नाही असे नाही. पण हा निकाल पुरावा तपासण्यापूर्वीच दिलेला असतो. आणि अशी घाई करणाऱ्यांत विज्ञानात उत्तम गुण मिळवणारे विद्यार्थीही असतात, ही गोष्ट मला अधिक खटकते. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, हे त्यांनी परीक्षेत कितीदा तरी लिहिलेले असते. मग हातातल्या रिमोटला ते का लावून पाहू नये?

चला, आपणच हिशेब मांडू. अचूक आकडे रिमोटगणिक बदलतील. आपण सोयीचे, पण वास्तवाला धरून असलेले आकडे घेऊ.

प्रथम जमा. संध्याकाळी दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत उजेड असतो सुमारे १०० लक्स. भर दुपारच्या उन्हात तो १ लाख लक्सच्या आसपास जातो. म्हणजे उन्हाच्या मानाने खोलीतला उजेड हजारपटीने कमी. आपल्याला तसे वाटत नाही, कारण आपला डोळा अंधूक उजेडाला जुळवून घेतो. डोळा हे फार उत्तम इंद्रिय असले तरी उजेड मोजण्याचे साधन म्हणून ते अगदी बेभरवशाचे आहे. एलईडी दिव्याचा १०० लक्स उजेड म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ०.३ वॅट. सौरपट्टीचे क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर धरले, तर तिच्यावर पडते जेमतेम १ मिलीवॅट. त्यातला दहावा हिस्सा विजेत रूपांतरित झाला, तर हाती आले ०.१ मिलीवॅट. रोज ६ तास दिवे जळत असतील, तर दिवसाची जमा सुमारे २ ज्यूल.

आता खर्च. कळ दाबताच रिमोट अवरक्त किरणांचे किंवा रेडिओलहरींचे स्पंद पाठवतो. शिवाय कळ दाबली नाही तरी आतल्या मंडलात थोडी गळती चालूच असते. सगळे मिळून दिवसाला ५ ज्यूल धरू. जमा २, खर्च ५. हा संसार तुटीचा झाला!

मग सुरुवातीला रिमोट नीट कसा चालला? कारण आतला लिथियम सेल थोडाफार भरूनच आला होता. समजा, तो ३.७ व्होल्ट आणि १०० मिलीअँपिअर-तासांचा आहे. म्हणजे त्यात सुमारे १,३०० ज्यूल ऊर्जा मावते. एक पैचीही जमा झाली नाही, तरी पूर्ण भरलेला सेल पुरेल जवळजवळ नऊ महिने. तोवर घरातल्यांना वाटते की सौरपट्टी आपले काम चोख करीत आहे. प्रत्यक्षात तिने काहीच केले नसण्याची शक्यता असते, आणि याचे कारण अगदी साधे आहे. पुष्कळशा रिमोटमध्ये ही पट्टी कळांच्या उलट बाजूला असते. आपण मात्र सवयीने कळा वर करून रिमोट ठेवतो. म्हणजे पट्टीचे तोंड टेबलाकडे, नाहीतर सोफ्याच्या गादीकडे! त्यात आपल्याकडे रिमोटला प्लास्टिकचे कव्हर घालायची हौस. ते कव्हर पिवळे पडते, त्यावर धूळ आणि हाताचा तेलकटपणा बसतो, आणि मुळात थोडा असलेला उजेड आणखी अडतो.

सेल एकदा रिकामा झाला की मग आपण जागे होतो आणि रिमोट दिव्याखाली ठेवतो. तासाभराने पाहतो, तर काही फरक नाही. तो दिसणारच नाही! ०.१ मिलीवॅटने १,३०० ज्यूल भरायला, रोज ६ तास धरले, तर ६०० दिवसांहून अधिक लागतील. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे खरे. पण थेंबापेक्षा पाझर मोठा असेल तर तळे साचत नाही, हेही तितकेच खरे. हाच रिमोट पट्टी वर करून दिवसा खिडकीशी, सुमारे १,००० लक्स उजेडात ठेवला, तर अडीच मिलीवॅटपर्यंत वीज मिळू शकेल आणि सेल पंचवीसेक दिवसांत भरेल. उजेड दहापट आणि वीज पंचवीसपट, हे कसे? दिवसाच्या प्रकाशात डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरणही असतात, आणि सिलिकॉनचा सौरघट त्यांतल्या पुष्कळ किरणांचा उपयोग करून घेतो. एलईडी दिव्याच्या प्रकाशात ते जवळजवळ नसतातच.

कोणी विचारील, खिशातला सौर गणकयंत्र तर ट्यूबलाइटखालीही चालतो, त्याचे काय? त्या गणकयंत्राला काही मायक्रोवॅटच पुरतात, कारण त्याला फक्त पडद्यावर आकडे दाखवायचे असतात. रिमोटला खोलीच्या पलीकडे संदेश फेकायचा असतो.

हिशेब झाला की तपासणी सोपी होते. तिचा नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय घडले ते लिहून ठेवायचे.

पहिला प्रश्न, रिमोट संदेश पाठवतो आहे का? मोबाइलचा पुढचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरा आणि संच चालू-बंद करण्याची कळ दाबा. डोळ्याला न दिसणारा अवरक्त दिवा कॅमेऱ्यात बहुधा लुकलुकताना दिसेल. तो दिसला, तर रिमोटमध्ये जीव आहे. संचाकडेही पाहायला हवे. दुसरा प्रश्न, सेल भरतो का? अशा रिमोटला बहुधा यूएसबी तार जोडण्याची सोय असते. दुसऱ्या यंत्रावर चालते अशी खात्री असलेली तार घेऊन रिमोट काही तास लावून ठेवा. त्यानंतर तो ठणठणीत चालला, तर सेल निर्दोष आहे आणि संशय उजेडावर जातो. भरूनही दोन दिवसांत रिकामा झाला, तर सेल म्हातारा झाला असे समजावे. तिसरा प्रश्न, पट्टीला उजेड मिळतो का? कव्हर काढा, पट्टी कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि रोज पालथा ठेवण्याची सवय लावा. मात्र सेल उघडू नका, फुगलेला सेल चार्ज करू नका आणि रिमोट रणरणत्या उन्हात ठेवू नका. लिथियमच्या सेलचे आयुष्य उष्णतेने घटते.

या तिसऱ्या प्रश्नावर शाळेत एक सुंदर प्रयोग होऊ शकतो. बागेतल्या सौरदिव्याची निकामी झाल्यावर काढलेली छोटी पट्टी आणि मल्टिमीटर घ्या. ट्यूबलाइटखाली आणि खिडकीशी दोन वाचने घ्या, एक व्होल्टचे, दुसरे पट्टीची दोन टोके मल्टिमीटरनेच जोडून मिळणाऱ्या विद्युत्प्रवाहाचे. उजेड कमी झाला की प्रवाह त्याच प्रमाणात घटतो. व्होल्ट मात्र थोडेच उतरतात. उजेड दहापट कमी झाला तरी दर घटामागे साधारण एक दशांश व्होल्टच्या आतबाहेर. ज्याने फक्त व्होल्ट मोजले तो ‘पट्टी छान चालते’ म्हणेल आणि फसेल. काय मोजायचे हे ठरवणे मोजण्याइतकेच महत्त्वाचे असते, हा धडा पुस्तकातल्या वाक्यापेक्षा या दोन वाचनांनी अधिक पक्का होईल.

रिमोटच्या इतिहासातही एक बोलकी गोष्ट आहे. अमेरिकेत १९५६ साली झेनिथ कंपनीने रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी विकसित केलेला ‘स्पेस कमांड’ रिमोट बाजारात आणला. त्यात सेल नव्हताच. कळ दाबली की छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर आदळे आणि ऐकू न येणारा ध्वनी संचाकडे जाई. सेल का टाळला? विक्रेत्यांना भीती होती की सेल संपला तरी गिऱ्हाईक संचच बिघडला असे समजेल! म्हणजे पुरावा न पाहता निकाल देण्याची आपली खोड जुनी आहे; अभियंत्यांना ती गृहीत धरून यंत्र घडवावे लागले.

ही खोड मोडायची जागा म्हणजे शाळेची प्रयोगशाळा. आपल्या प्रात्यक्षिकांत उपकरणे ठीक असतात आणि उत्तर आधीच ठाऊक असते. आलेख सरळ रेषेत आला नाही, तर शेजाऱ्याची वाचने उतरवली जातात. ज्या क्षणी विचार सुरू व्हायचा, त्याच क्षणी तो थांबतो. म्हणून शिक्षकमित्रांना माझी सूचना आहे की वर्षातून निदान एक तास बिघडलेल्या वस्तूसाठी ठेवावा. एका विजेरीत सेल उलटा घालावा, दुसरीत तार तोडावी, तिसरीत दिवा निकामी ठेवावा. विद्यार्थ्यांनी दोष शोधावा आणि तोच दोष कशावरून, हे वहीत लिहावे. गुण दुरुस्तीला न देता कारणमीमांसेला द्यावेत. अभ्यासक्रम संपत नाही, वेळ कुठला, असे म्हटले जाईल. पण या एका तासात विद्युत्मंडल, ऊर्जेचा नियम आणि तर्कशुद्ध विचार या तिन्हींची उजळणी होते. दोन-तीन व्होल्टच्या विजेरीत धोकाही नसतो.

दोष न शोधता फेकलेल्या प्रत्येक रिमोटबरोबर थोडे तांबे, थोडे लिथियम, थोडे सिलिकॉन कचऱ्यात जाते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे ‘असे का झाले?’ हा प्रश्नही त्याबरोबर फेकला जातो. विद्यार्थिमित्रांनो, घरात पुढच्या वेळी कोणी ‘हे बिघडले’ म्हणाले, तर कागद-पेन्सिल घ्या. ऊर्जा येते कुठून, येते किती, जाते कुठे, हे तीन प्रश्न लिहा आणि एकेकाचे उत्तर मोजून काढा. एवढे करून वस्तू खरोखरच बिघडलेली निघाली, तर खुशाल तसे सांगा. तेव्हा तुमच्या म्हणण्यामागे पुरावा असेल.